बेणणीआधी मॅशेटीची परीक्षा: पातं तपासायचं कसं, सुधारायचं कसं

खंडेनवमीला कोयत्या-कुदळींची पूजा होते आणि दसरा उलटला की तीच हत्यारं बागेत जातात. पाऊस ओसरलेला असतो. काजूच्या बुंध्याभोवती कमरेएवढं गवत, बांधाच्या कडेने डोक्यावर गेलेली रानमोडी, गडग्याला (दगडी कुंपणाला) बिलगलेली करवंदाची जाळी. हे सगळं डिसेंबरच्या आत खाली आलं नाही तर ते उभ्या उभ्या वाळतं, आणि फेब्रुवारी-मार्चात कुणाच्या तरी विडीच्या थोटकानं वणवा लागला की मोहोरलेली कलमं डोळ्यांदेखत होरपळतात. म्हणून बेणणी, म्हणजे बागेतलं रान साफ करणं, ही आमच्याकडे हौस नसते.

ग्रास कटर आहे. पण उताराच्या, जांभ्या दगडाच्या जमिनीवर तो गवतापेक्षा खडेच जास्त उडवतो, आणि करवंदाच्या जाळीत त्याची नायलॉनची दोरी दोन मिनिटांत संपते. कोयता आहेच, पण दिवसभर वाकून चाळिशीनंतर कंबर बोलायला लागते. तीन वर्षांपूर्वी मी एक मॅशेटी (लांब, पातळ पात्याचा परदेशी कोयता) मागवली ती या कंबरेसाठी. 18 इंची पातं, जाडी जेमतेम 2 मिलिमीटर, प्लॅस्टिकची मूठ. उभ्यानं गवत मारायचं, एवढाच हेतू.

पहिल्या दिवशी घाणेरीच्या फांदीवरून पातं उसळून परत आलं. अर्ध्या तासात अंगठ्याच्या मुळाशी फोड. शेजारच्या वाडीतले आबा गडग्यावर बसून बघत होते. म्हणाले, “शाळेतली पट्टी आणलीस की काय रे?”

पट्टीच होती ती. ब्राझील, कोलंबिया, मध्य अमेरिका, जिथे मॅशेटी हे रोजच्या शेतीचं हत्यार आहे, तिथे ती बऱ्याचदा अशीच अर्धवट धारेची विकली जाते. ऊस तोडायचा की कॉफीच्या मळ्यातलं तण मारायचं, त्याप्रमाणे घेणारा स्वतः कानस मारतो, आणि ती कानस कामावरही सोबत ठेवतो. आपल्याकडे ती खोक्यातून निघते तशी वापरली जाते आणि आठवड्याभरात माळ्यावर जाते. तिला माळ्यावरून खाली काढण्यासाठी हा लेख. यातलं बहुतेक सगळं लोहाराकडून घडवलेल्या कोयत्यालाही लागू आहे. जिथे नाही तिथे तसं सांगेन.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण मी स्वतः ती पाळली नाही आणि महिना वाया घालवला: पहिल्या दिवशी कानस हातात घेऊ नका. आधी तपासा, मग तोडा, मग कुठे दुखतंय आणि कुठे मोडतंय ते बघा, आणि एका वेळी एकच बदल करा.

रान आधी ओळखा

“झाडी तोडायची” असं आपण म्हणतो, पण पात्याच्या दृष्टीनं ही तीन-चार वेगळी कामं आहेत. गवत हलकं असतं, त्याला मागून आधार नसतो. तिथे वेग आणि पातळ धार लागते, वजन नाही. रानमोडीचा दांडा आत भेंडासारखा मऊ, ती एका फटक्यात जाते, पण वाळली की कडक होते. घाणेरी चिवट आणि लवचीक. हळू मारलं तर फांदी वाकते आणि पातं घसरतं. करवंदाची जाळी म्हणजे काटे, गुंता आणि आत दडलेले दगड. तिथे लांब पातं फिरवायला जागाच नसते.

यावरून माझं एक मत झालं आहे. 2 मिलिमीटरची मॅशेटी गवत, रानमोडी आणि अंगठ्याएवढ्या घाणेरीसाठी. करवंद आणि मनगटाएवढ्या फांद्यांसाठी जाड पाठीचा, पुढे वळलेला आपला कोयता. मनगटापेक्षा जाड काही असेल तर सरळ करवत. पातळ पात्याला कितीही घासलं तरी त्याला वजन येत नाही, आणि जाड कोयत्याला कितीही धार लावली तरी तो गवतातून वाऱ्यासारखा जात नाही.

घरी आल्यावर पहिला अर्धा तास

पातं डोळ्यासमोर धरा, मूठ गालाजवळ, टोक उजेडाकडे, आणि पाठीच्या रेषेवरून नजर टाका. बंदुकीचा नेम धरावा तसं. वाक असेल तर लगेच दिसतो. थोडा वाक चालतो, पीळ चालत नाही. पीळ असलेलं पातं फांदीत शिरताना स्वतःच वळतं आणि मनगटाला हिसका देतं. परत पाठवायचं असेल तर आत्ताच पाठवा.

मग मूठ. पातं एका हातात घट्ट धरून मूठ दुसऱ्या हातानं चारही दिशांना हलवा. कट्‌कट् आवाज आला, रिव्हेटभोवती रेष दिसली, तर ती उद्या सैल होणार. पात्याची पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत गेली आहे का बघा. अर्ध्यात थांबणारी असेल तर ते हत्यार शोभेचं. लोहाराच्या कोयत्यात पात्याचा निमुळता दांडा लाकडात ठोकलेला असतो आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी साम (कडं) बसवलेली असते. ती साम बोटानं फिरत असेल तर लाकूड आकसलं आहे. मूठ रात्रभर पाण्यात टाकली की ती घट्ट होते खरी, पण चार दिवसांनी पुन्हा तेच. लाख वितळवून भरणं हा त्यावरचा टिकाऊ उपाय.

आता आवाज. मूठ दोन बोटांत सैल धरून पातं खाली लोंबू द्या आणि लाकडाच्या काटकीनं पाठीवर टिचक्या मारा. खणखणीत, थोडा वेळ घुमणारा आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर सैल मूठ किंवा बारीक भेग यांपैकी काहीतरी आहे. याच टिचक्यांतून आणखी एक गोष्ट कळते. मुठीकडून टोकाकडे टिचक्या मारत जा. एका जागी मुठीतली झिणझिणी जवळजवळ थांबते. तिथे मार्करनं खूण करा. फांदी त्या जागेवर लागली तर हाताला सर्वांत कमी झटका बसतो. माझ्या पात्यात ती जागा टोकापासून साधारण पाच इंचांवर निघाली, आणि मी आधीचे चार दिवस फांदीवर नेमक्या पात्याच्या मध्यानं मारत होतो.

पोलाद कसं आहे हे कानशीला विचारायचं. नवी, चांगली कानस घ्या आणि धारेवर एका कोपऱ्यात हलकेच पुढे ढकला. कानशीची कठीणता रॉकवेल मापात 60 च्या वर असते. मॅशेटीचं पातं मुद्दाम तिच्यापेक्षा बरंच मऊ ठेवतात, साधारण 45 ते 50, कारण दगडावर आपटल्यावर ते तुटण्यापेक्षा वळलेलं बरं. कानस थोडा जोर लावल्यावर चावली आणि बारीक, समान कीस निघाला तर पाणी नीट दिलेलं आहे, म्हणजे पोलाद तापवून, बुडवून नीट कडक केलेलं आहे. कानस काचेवरून जावी तशी घसरली तर पातं फार कडक आहे, धारेचे तुकडे उडतील. साबणात शिरावी तशी शिरली तर पाणी दिलेलंच नाही. गाडीच्या कमानपाट्यापासून (स्प्रिंगच्या पट्टीपासून) केलेल्या कोयत्यात बहुधा फक्त धारेकडचा भाग कडक असतो आणि पाठ मऊ. तिथे दोन्ही ठिकाणी कानस लावून फरक अनुभवा.

शेवटी लवचीकपणा. डोळ्यांना चष्मा लावा, टोक ओंडक्यावर टेकवा आणि पातं धनुष्यासारखं जरासं वाकवा. मध्यभाग दोन-तीन इंच सरकला की पुरे. सोडल्यावर ते पूर्ण सरळ व्हायला हवं. हे फक्त पातळ मॅशेटीसाठी. जाड कोयत्यावर असली पैलवानी करू नका.

बागेतली परीक्षा

आता, कोणताही बदल न करता, बागेत. वही-पेन्सिल सोबत घ्या. हसू येईल, पण आठ दिवसांनी “पहिल्यापेक्षा बरं चालतंय बहुतेक” असं म्हणण्यापेक्षा आकडा बरा.

गवताचा दहा पावलं लांब, दोन पावलं रुंद पट्टा मोजून साफ करा आणि किती फटके लागले ते लिहा. मग अंगठ्याएवढ्या जाडीच्या हिरव्या घाणेरीच्या वीस फांद्या, प्रत्येकीला एकच फटका. किती पूर्ण तुटल्या, किती सालीवर लोंबत राहिल्या? माझ्या पहिल्या यादीत वीसपैकी सहा तुटल्या होत्या. मग ऐनाचा किंवा खैराचा वाळका ओंडका घेऊन त्यावर पन्नास फटके. हा भाग धारेचा खरा कस बघतो.

ओंडक्यानंतर पातं पुसा आणि उजेडाकडे धार वर करून बघा. चांगली धार दिसतच नाही. जिथे चकाकणारी रेघ किंवा ठिपका दिसतो, तिथे बिघडलंय. पण काय बिघडलंय ते नखानं कळतं. नख पात्याच्या चपट्या भागावरून धारेबाहेर सरकवा, दोन्ही बाजूंनी. एका बाजूनं नख अडकलं, दुसऱ्या बाजूनं नाही, तर धार वळली आहे. बारीक खड्डे, करवतीसारखे दाते दिसत असतील तर ती तुटली आहे. दोन्ही नाही, फक्त सलग चकाकी आहे, तर ती नुसती झिजली आहे.

या तिघांचे इलाज वेगळे आहेत, आणि लोक तिन्हींवर एकच करतात: आणखी घासतात. वळली असेल तर धार पोलादाच्या मानानं फार पातळ आहे, कोन वाढवा. तुटली असेल तर आधी कोन वाढवून बघा. तरीही तुटत असेल तर पातं फार कडक आहे आणि ते दगडाळ जमिनीवर नेऊ नका. झिजली असेल तर कोन ठीक आहे, फक्त धार लावा. आणि काहीच झालं नाही, पण फांद्याही तुटल्या नाहीत, तर धार फार बोथट कोनात आहे. तिला पातळ करायला वाव आहे. माझी या शेवटच्या जातीतली होती.

फटके मारून झाल्यावर तळहात बघायला विसरू नका. लाल झालेल्या जागा वहीत लिहून ठेवा, त्यांच्याकडे पुढे येतोच.

धार: घाई नको

कोन मोजायला कुणाकडे यंत्र नसतं. पण पात्याची जाडी आणि धारेच्या उताराची रुंदी एवढ्यावर तो काढता येतो. पातं 2 मिलिमीटर जाड असेल आणि दोन्ही बाजूंनी सारखं घासलं असेल, तर उतार सुमारे 4 मिलिमीटर रुंद म्हणजे एका बाजूला 15 अंश. 3 मिलिमीटर रुंद म्हणजे 20 अंश. अडीचपेक्षा किंचित कमी म्हणजे 25. शाळेच्या पट्टीनं मोजता येतं. कोयता धारेकडे निमुळता होत जातो, म्हणून तिथे पाठीची नाही, उतार सुरू होतो त्या जागेची जाडी घ्यायची.

माझ्या जांभ्याच्या जमिनीत मी पूर्ण पात्याला एकच धार लावत नाही. टोकाकडचे चार इंच 25 अंशांत, कारण गवत मारताना दगडाला लागतं ते टोकच. मधला मोठा भाग 20 अंशांत, हेच मुख्य काम करतं. मुठीलगतचे दोन-अडीच इंच मुद्दाम बोथट. तिथे कधी बोटं जातात, आणि त्या भागानं काही तुटतही नाही. फक्त गवत असलेल्या, मातीच्या जमिनीसाठी मधला भाग 17-18 अंशांवर नेलात तरी चालेल. 15 च्या खाली मी गेलो होतो, एकदा. करवंदाच्या पहिल्याच वाळक्या खोडावर धार लाटेसारखी दुमडली.

पातं पक्कं बसवणं हे निम्मं काम. व्हाइस नसेल तर जाड फळीच्या कडेला सी-क्लॅम्पनं आवळा, खाली कापड ठेवून, धार तुमच्यापासून दूर. तेही नसेल तर ओंडक्यात करवतीनं खाच पाडून पातं त्यात उभं बसवा आणि लाकडी पाचर मारा. मांडीवर पातं ठेवून कानस मारणारे मी पाहिले आहेत. मांडीवरचे वणही पाहिले आहेत.

सध्याच्या उतारावर काळा मार्कर फिरवा. दहा इंची चपटी बास्टर्ड (मध्यम भरड दात्यांची) कानस घ्या, तिला लाकडी मूठ हवीच, नाहीतर तिचं टोक तळहातात घुसतं. पुढे ढकलताना दाब, मागे येताना उचलायची. मागे घासत आणली की तिचे दाते जातात. चार-पाच वेळा ढकलून थांबा आणि शाई कुठून गेली ते बघा. वरच्या कडेची गेली तर कानस फार झोपली आहे, धारेवरची गेली तर फार उभी. हवा तो कोन हाताला सापडला की मग मोजून: या बाजूनं वीस, त्या बाजूनं वीस. खाचांत कीस अडकला की तारेच्या ब्रशनं काढा. आधी कानशीला खडू घासून ठेवलात तर कीस कमी अडकतो.

एका बाजूनं घासत गेल्यावर दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागते, कारखान्यातले लोक हिला बर म्हणतात. ती टोकापासून मुठीपर्यंत सलग आली म्हणजे ती बाजू धारेपर्यंत पोचली. मग दुसरी बाजू. शेवटी कुरुंदाच्या दगडावर पाणी लावून दोन्ही बाजूंनी आठ-दहा हलके हात, बर निघण्यापुरते. त्यापुढे गुळगुळीत करू नका. वस्तऱ्यासारखी धार कागदावर छान दिसते, पण गवताच्या तंतूंना कानशीची थोडी खरखरीत धारच नीट पकडते.

आता ग्राइंडर. वेळ वाचतो म्हणून मी पहिल्यांदा तोच घेतला होता. चार इंची यंत्र मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतं, आणि पातळ धारेत उष्णता जायला जागाच नसते. बघता बघता मधल्या दोन इंचांवर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि निळा रंग चढला. निळा म्हणजे तिथलं पोलाद 300 अंशांच्या आसपास तापलं, आणि दिलेलं पाणी तेवढ्या जागेतून उतरायला लागलं. दुसऱ्या दिवशी ऐनाच्या ओंडक्यावर नेमके तेच दोन इंच वळले, बाकी धार जशीच्या तशी. निळा भाग संपेपर्यंत सगळी धार कानशीनं मागे न्यावी लागली, जवळजवळ 3 मिलिमीटर पातं किसात गेलं. ग्राइंडर वापरायचाच असेल तर घासणारी चकती नको, 80 नंबरची फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती) घ्या, एका जागी थांबू नका, पाण्याची बादली शेजारी ठेवा, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी यंत्र बंद करून पात्याला उघडं बोट लावा. बोट ठेववत नसेल तर बुडवा. शेवटचा एक मिलिमीटर तरी कानशीचाच असू द्या.

मूठ: फोड जिथे, कानस तिथे

लोक धारेवर दोन तास घालवतात आणि मुठीला हातही लावत नाहीत. खरं तर दिवसाला किती काम होणार हे मूठ ठरवते.

मुठीवर लाकडी कोळसा घासा, सगळीकडून. कोरड्या हातानं मूठ धरा आणि वीस फटके मारा, गवतावरच. हात उघडून बघा. काळं कुठे गडद उमटलंय? तिथे मूठ टोचते आहे. माझ्या हातावर दोन डाग होते, एक अंगठ्याच्या मुळाशी आणि एक करंगळीखाली. मुठीवर बघितलं तर त्या दोन जागी प्लॅस्टिकच्या साच्याची उभी शिवण होती. धारदार नाही, पण हजार फटक्यांत चामडी सोलायला पुरेशी.

ही शिवण अर्धगोल कानशीनं काढा, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120. अगदी गुळगुळीत करू नका, घामात हातातून सटकेल. मुठीचा पुढचा भाग, जिथे तर्जनी येते, थोडा बारीक केला तर पकड सैल ठेवता येते. ही सैल पकडच महत्त्वाची आहे: मॅशेटी मुठीत आवळून धरायची नसते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट धरतात, मागची दोन बोटं फटका संपताना आवळतात.

लाकडी मुठीवर वॉर्निश असेल तर खरवडून काढा. वॉर्निशनं फोड लवकर येतात. नंतर जवसाचं तेल, पातळ हात, दोन दिवसांच्या अंतरानं तीन वेळा. ज्या चिंधीनं तेल लावाल ती चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी सुकताना आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. दोरीवर मोकळी वाळत घाला.

मुठीच्या शेवटाला टाच नसेल तर ती करून घ्या. शेवटच्या इंचभर भागात सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून सात-आठ वेढे दिले की करंगळीला अडकायला उंचवटा तयार होतो. सगळी मूठ मात्र ट्यूबमध्ये गुंडाळू नका, ऑक्टोबरच्या उकाड्यात हात शिजतो. रिव्हेट सैल असतील तर एका बाजूला जड लोखंड टेकवून दुसऱ्या बाजूनं गोल डोक्याच्या हातोडीनं हलके, पुष्कळ ठोके द्या. एकच जोराचा ठोका मूठ फोडतो.

मनगटात अडकवायच्या दोरीबद्दल माझं मत सरळ आहे: नको. हातातून सुटलेलं पातं लांब जाऊन पडलं तर बरं, दोरीनं ते तुमच्याच पायाकडे झुलत येतं.

लांबी आणि टोक

18 इंच उघड्या बागेत ठीक, दाटीत जास्त. माझी दुसरी मॅशेटी मी 14 इंचांवर आणली. पातं फार कडक नसल्यामुळे हॅकसॉनं कापलं जातं, ब्लेड नवं हवं आणि थोडं तेल. कापल्यावर टोक टोकदार ठेवू नका. चहाच्या बशीची कड टेकवून गोलाई आखून घ्या आणि कानशीनं तशी करा. टोकदार पातं खाली मातीत रुततं आणि फटका अर्ध्यावर थांबतो. लांबी कमी झाली की झिणझिणी न येणारी जागाही सरकते, टिचक्यांची परीक्षा पुन्हा घ्या.

गंज आणि म्यान

नव्या पात्यावर पारदर्शक लॅकर असतो, तो चिकात आणि घामात पापुद्रे धरतो. थिनरनं पुसून काढा. मग उघडं पोलाद आमच्या हवेत दोन दिवसांत तांबूस होणार, म्हणून त्यावर आपणच काळसर थर आणायचा. चिंचेचा घट्ट कोळ किंवा व्हिनेगर लावून तासभर ठेवा, धुवा, वाळवा, तेल लावा. कुणी कोकमाचं आगळ लावायचं सुचवतं. त्यात मीठ असतं, लावू नका. सर्वांत सुंदर रंग काजूच्या बोंडूचा रस देतो. त्यातल्या टॅनिनमुळे पातं निळंकाळं पडतं, कपड्यांवरचा त्याचा डाग माहीत असलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. रोज काम संपल्यावर पातं पुसून खोबरेल तेलाचा हात, बस्स.

म्यानासाठी अर्धा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून धारेवर चढवायचा आणि ट्यूबच्या दोन रबरांनी बांधायचा. कोयत्याला कमरेची आकडी आहेच. लांब मॅशेटी मात्र आकडीत अडकवू नका, वाकलं की टोक पोटरीला लागतं. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार नऊ इंचांपेक्षा लांब पात्यांवर बंधनं आहेत, शेतीसाठी घडवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. तरीही पुणे-मुंबईहून गावाला नेताना ती गोणपाटात गुंडाळून डिकीत, कानस आणि दगडासोबत ठेवा. कोयत्याच्या बातम्यांच्या दिवसांत नाक्यावरच्या हवालदाराला तुमच्या काजूची माहिती नसते.

पुन्हा बागेत

आता तीच परीक्षा पुन्हा: तेवढाच गवताचा पट्टा, वीस फांद्या, पन्नास फटके. धार बदलल्यावर एकदा, मूठ बदलल्यावर एकदा. धारेनंतर माझ्या वीसपैकी पंधरा फांद्या तुटल्या. मुठीनंतर आकडा फारसा बदलला नाही, पण दुपारपर्यंत फोड आला नाही.

वापरताना डाव्या हातात बेळकं (टोकाला फाटा असलेली काठी) ठेवा, दोन-अडीच हात लांबीचं. गवत त्यानं दाबायचं, काटेरी फांदी त्यानं ओढून ताणायची. ताणलेली फांदी निम्म्या जोरात तुटते, आणि बोटं पात्यापासून लांब राहतात. नव्या जागेत शिरण्याआधी त्याच बेळक्यानं गवत ढवळा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरशी भरपूर, आणि फुरसं पळून जाण्याऐवजी दगडाच्या आडोशाला वेटोळं करून बसतं. गमबूट घाला. चावलंच तर पाय बांधू नका, चिरा मारू नका, पाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना गाठा.

फटका तिरपा, वरून खाली, शरीराच्या बाहेरच्या बाजूला संपणारा. फांदीला काटकोनात मारलं की पातं उसळतं, साधारण 45 अंशांत मारलं की शिरतं. पण तिरप्या फटक्यानं खुंट भाल्यासारखा उरतो आणि गवतात दिसत नाही. दुसऱ्या फटक्यात तो जमिनीलगत आडवा छाटा. दोन माणसांत किमान दहा फूट अंतर. खाजकुयलीच्या शेंगा दिसल्या तर तो तुकडा सोडून द्या. शेर किंवा निवडुंग तोडताना चष्मा हवा, त्यांचा चीक डोळ्यात गेला तर रात्र जाते. घाणेरी नुसती छाटली तर पावसात दुप्पट होऊन येते. फांद्या मॅशेटीनं उतरवा, मग कुदळीनं माती सारून मूळ दोन-तीन इंच खाली तोडा आणि झुडूप मुळं वर करून ठेवा.

दर तासानं कानशीचे चार-चार हात. बोथट पातं रेटत राहिलात की जोर वाढतो, आणि बहुतेक जखमा त्या वाढलेल्या जोरानेच होतात.

मागच्या नोव्हेंबरात आबांना मी ती घासलेली 18 इंची दिली. त्यांनी आधी नख लावून पाहिलं, मग काही न बोलता पाटाच्या कडेचं गवत मारत सुटले, सरळ उभे राहून. गडग्याशी करवंद आलं तसे थांबले, मॅशेटी माझ्याकडे दिली आणि मागे आकडीतून स्वतःचा कोयता काढला. संध्याकाळी जाताना विचारत होते, 14 इंचीला जी मूठ घासलीस ती लाकडाची करून मिळेल का. फणसाचं लाकूड त्यांच्याकडे आहे.